डावीकडे जाणारा आत्मा

शिलाई मशीन गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मुकादमांच्या दारात बायको गेली तेव्हापेक्षा जास्त माणसं जमली. यात माणसांचा फारसा दोष नव्हता. मरण एका घरी येऊन गेलं की शेजारच्यांना निदान त्या दिवशी तरी धोका नसतो. चोराचं तसं नसतं.

मुकादम हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम ते करत. बायको घरातल्या मागच्या खोलीत कपडे शिवायची. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर मुकादमांनी त्या खोलीला कुलूप लावलं. खोली झाडायची म्हणजे तिच्या हातचा पसारा काढायचा, ते त्यांच्याने होईना. चिंध्या, रिळं, जमिनीवरचा सुताचा भुगा, टेबलावर अर्धवट कापलेलं कापड, सगळं जिथल्या तिथे राहिलं. काही महिन्यांनी एका रविवारी सदऱ्याची बाही उसवली आणि सुई-दोऱ्यासाठी त्यांनी ती खोली उघडली. मशीनचं टेबल होतं, खालचं पायडल होतं, चामडी पट्टा लोंबत होता. वरचं मशीन नव्हतं.

"कुलूप फोडलंय का?" औषधाच्या दुकानदाराने विचारलं.

"नाही."

"दुसरी किल्ली कुणाकडे?"

मुकादम काही बोलायच्या आत सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या. डाव्या भिंतीला भिंत लावून काजेवालीचं घर होतं. ती मुकादमांच्या बायकोकडे काजं करायची, बटणं लावायची. दोघींनी त्या खोलीत बसून वर्षानुवर्षं काम केलं होतं. ती घोळक्यातच उभी होती.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "वहिनींनीच दिली होती. मागायला कुणी आलं नाही, म्हणून राहिली." घरात जाऊन तिने किल्ली आणली आणि मुकादमांच्या हातावर ठेवली.

माणूस खरं बोलला की लोक त्याला खरं मानतात, असं थोडंच आहे. "आता देऊन काय उपयोग," असं मागून कुणीतरी पुटपुटलंच.

मुकादमांच्या उजव्या हाताला गल्लीचे अध्यक्ष राहत. त्यांना निवडून कुणी दिलं नव्हतं. प्रत्येक सभेत पहिली खुर्ची तेच धरत, एवढ्यावरून ते अध्यक्ष झाले होते. ते म्हणाले, "मुकादम, झालं ते झालं. आता कॅमेरा बसवा. कॅमेऱ्याशिवाय घर म्हणजे झाकणाशिवाय भांडं."

मुकादम बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने कागद-पेन्सिल पुढे ओढली आणि प्रश्नांची सरबत्ती केली. दार कोणत्या बाजूला? खिडक्या किती? आत अंधार असतो का? चित्रण किती दिवस साठवायचं? दुसऱ्या गावाहून कुणाला बघायचं असतं का? पासवर्ड स्वतःचा ठेवाल ना?

"चोर सापडेल का?" मुकादमांनी विचारलं.

"पुढचा आला तर चेहरा दिसेल. मागचा गेला, त्याचं मी काय करणार? आणि पकडायचं काम पोलिसांचं."

गल्लीत हे उत्तर कुणालाच पटलं नाही. ज्याला स्वतःच्या मालाची खात्री नाही, त्याचा माल कशाला घ्या, असं सर्वानुमते ठरलं. अध्यक्षांच्या ओळखीचा एक माणूस होता. आधी तो घरोघरी केबल जोडायचा. आता त्याने काळा चष्मा लावून 'दिव्यचक्षू सुरक्षा केंद्र' अशी पाटी लावली होती आणि लोक त्यालाच दिव्यचक्षू म्हणू लागले होते. त्याने घरात पाऊल टाकलं, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"घरातलं कोण गेलंय?"

"बायको," मुकादम म्हणाले.

"आणि संशय कुणावर?"

मुकादमांनी नकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी मात्र दिव्यचक्षूला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात डाव्या भिंतीकडे बोट केलं.

"साधा कॅमेरा चोराला बघतो," दिव्यचक्षू मोठ्याने म्हणाला. "माझा कॅमेरा ज्याने चोराला पाहिलं त्याला बघतो. घरातलं गेलेलं माणूस घरातच असतं, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. साधा कॅमेरा नुसता विजेवर चालतो. माझा संकल्पावर चालतो."

"वीज गेली तर?" औषधवाल्याने विचारलं.

"तर संकल्पाला थोडी अडचण येते."

कॅमेरा स्वस्त होता, हेही खरंच. मुकादमांच्या बंद खोलीत तो बसला. आणि पुढच्या रविवारी सकाळी दिव्यचक्षूच्या दुकानात मोठ्या पडद्यावर त्याचं चित्रण लागलं, तेव्हा आत शिरायला जागा नव्हती.

पडद्यावर करडी, अंधारी खोली. टेबल, पायडल, खिडकीची मिटलेली फळी. आणि खोलीच्या मधोमध एक पांढरा, गोल, चमकता गोळा तरंगत होता. तो वर गेला, थबकला, टेबलावरून हळूच फिरला आणि दिसेनासा झाला. एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

मुकादम पडद्याजवळ सरकले. "ती अशीच थांबायची," ते म्हणाले. "टेबलापाशी. काहीतरी विसरल्यासारखी."

त्या दिवशी त्यांनी पोटभर जेवण केलं. रोज गोदामावरून परत येताना ते दुकानात जाऊ लागले. दिव्यचक्षू त्यांना स्टूल द्यायचा आणि ते तासभर पडद्याकडे बघत बसायचे. कधी एक गोळा यायचा, कधी दोन. दुसरा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. माणसाला जे हवं असतं, त्याची तो उलटतपासणी करत नाही.

गल्लीत तर कॅमेऱ्यांची साथच आली. औषधवाल्याने आधीच बाजारातून चांगला, महाग कॅमेरा घेतला होता. त्यात आलेल्या-गेलेल्याच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसायचा. तो त्याने परत नेऊन दिला.

"का हो, बिघडला?" दुकानदाराने विचारलं.

"बिघडला नाही. पण त्यात कुणी दिसतच नाही. माझे वडील गेलेत, आजोबा गेलेत, एक काका गेलेत. एकाने तरी यावं की नाही?"

कोपऱ्यावरच्या निवृत्त कारकूनबाईंच्या जिन्याखाली दिव्यचक्षूचा कॅमेरा बसला. तिथे कोळ्याची जाळी भरपूर. त्या चारचौघींत सांगू लागल्या, "आमच्याकडे तिघं येतात. एक तर अगदी लांब शेपटीचं आहे." कॅमेरा कोणता घ्यावा याचा गल्लीतला निकष आता एकच उरला होता: कुणाकडे किती येतात. दाराकडे तोंड करून लावलेला एकही कॅमेरा गल्लीत नव्हता.

पण लोकांना नवलाचीही सवय होते. "दिसतात ते ठीक," अध्यक्ष म्हणाले, "पण चोराचं काय? वहिनी नुसत्या फिरतायत. सांगत काहीच नाहीत."

दिव्यचक्षूने चष्मा पुसला. "आत्म्याला वाऱ्याचा आधार लागतो. त्याशिवाय त्याला दिशा दाखवता येत नाही." तो स्वतः मुकादमांच्या घरी आला, एक टेबलफॅन खोलीत ठेवला आणि एक नंबरवर लावून गेला.

पुढच्या रविवारी पडद्यावरचे गोळे भटकायचे थांबले होते. एकामागून एक, शिस्तीत, सगळे डावीकडे चालले होते. डाव्या भिंतीकडे. काजेवालीच्या घराकडे.

"आता आणखी कुठला पुरावा हवा?" अध्यक्ष म्हणाले.

त्या संध्याकाळपासून लोक काजेवालीच्या दारातून आपापले कपडे परत नेऊ लागले. कुणी अर्धी बटणं लागलेला सदरा उचलला, कुणी काजं न झालेला झगा. एकीने कपडा घेतल्यावर तिच्यासमोरच घडी उलगडून आत काही कमी तर नाही ना ते पाहिलं. अध्यक्षांनी तिच्या घरमालकाला गाठलं. ठरलं असं: येत्या रविवारी पडदा मुकादमांच्या अंगणात लावायचा, सगळ्यांसमोर वहिनींना शेवटचं विचारायचं, आणि तेव्हाही आत्मा डावीकडेच गेला, तर काजेवालीने मशीन तरी द्यावं नाहीतर घर तरी सोडावं.

काजेवाली मुकादमांकडे आली. दारातच उभी राहिली.

"मुकादम, तुम्हाला वाटतं मी नेलं?"

"मला नाही वाटत," मुकादम म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "पण ती सांगतेय."

"कोण ती?"

मुकादमांनी बंद खोलीकडे पाहिलं.

"वहिनींना माझ्याबद्दल काही सांगायचं असतं, तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं," काजेवाली म्हणाली. "एक काज वाकडं गेलं तर अख्खी गल्ली ऐकेल असं ओरडायच्या. त्यांना असं भिंती-भिंतीने फिरायची काय गरज?"

ती गेली. मुकादमांना त्या रात्री झोप लागली नाही. काजेवालीचं म्हणणं खरं धरावं, तर पडद्यावरची ती खोटी ठरत होती. आणि ती खोटी ठरली, तर ती गेलीच होती.

शनिवारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, शाळेत विज्ञान शिकवायची. तिची जीभ धारदार, पण या घरी ती सहसा जपून बोलायची. दिव्यचक्षूने पाठवलेलं ते चित्रण मुकादमांनी तिला फोनवर दाखवलं. तिने दोनदा बघितलं आणि फोन बाजूला ठेवला.

"भावजी, ताई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता," ती म्हणाली. "हे खरं असतं तर मला तुमच्याइतकंच हवं होतं. खोली उघडा."

आत गेल्यावर तिने कॅमेऱ्याकडे नाही, खोलीकडे पाहिलं. खिडकीची फळी नुसती ढकलली, तशी ती उघडली. आतली कडी मोडलेली होती आणि चौकटीवर बुटाचा अर्धा ठसा होता.

"हे कुणी बघितलं का?"

"नाही बुवा."

"बरोबर. सगळे पडदा बघत होते. आणि हा पंखा? या उजव्या कोपऱ्यात कुणी ठेवला?"

"दिव्यचक्षूंनी."

"गोळे डावीकडे जायला लागले ते आधी की नंतर?"

मुकादमांनी पंख्याकडे पाहिलं. प्रश्न सोपा होता. त्यांनी तो स्वतःला विचारला नव्हता, एवढंच.

मेहुणी परत गेली आणि रविवारी सकाळी आपल्या घरचा कॅमेरा काढून घेऊन आली. अंगणात पडदा लागला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष पहिल्या खुर्चीत. काजेवाली कुंपणापाशी एकटी उभी. तिच्या शेजारची जागा लोकांनी आपोआप मोकळी सोडली होती. बंद खोलीतलं चित्र पडद्यावर थेट दिसत होतं. गोळे निघाले, डावीकडे.

"बघा," दिव्यचक्षू हात पसरून म्हणाला. "माउली वळली. माउलीचं बोट वळलं."

"थांबा हं जरा," मेहुणी म्हणाली. ती खोलीत गेली आणि पंखा उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवला. तोंड उजवीकडे. बाहेर आली तोवर पडद्यावरच्या माउलीने पाठ फिरवली होती. एकामागून एक, तशाच शिस्तीत, सगळे गोळे अध्यक्षांच्या भिंतीकडे निघाले होते.

अंगणातल्या माना उजवीकडे वळल्या. कुणीतरी खाकरलं.

"हा वाऱ्याचा झोत असणार," अध्यक्ष घाईने म्हणाले. "शास्त्रीय कारण आहे त्याला."

"शाबास," मेहुणी म्हणाली. "आठवडाभर आत्मा होता, तुमच्या भिंतीकडे वळला आणि वारा झाला."

लोक हसले. दिव्यचक्षू हसला नाही. "बाई, जिथे श्रद्धा नाही तिथे आत्मा गोंधळतो."

"माझ्यात श्रद्धा नाही, मान्य. हा दुसरा कॅमेरा तुमच्या कॅमेऱ्याशेजारी लावते. त्यात तर श्रद्धा-अश्रद्धा काही नाही. दोघांनी एकच खोली बघायची."

दोन चित्रं शेजारी-शेजारी आली. एकात गोळे, दुसऱ्यात नुसती खोली.

"त्या कॅमेऱ्याने दीक्षा घेतलेली नाही," दिव्यचक्षू म्हणाला.

"त्याने दीक्षा घेतलेली नाही, पण त्याचे दिवे भिंगापासून लांब लावलेत," मेहुणी म्हणाली. मग ती लोकांकडे वळली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली. अंधारात कॅमेरा स्वतःचा उजेड सोडतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. पुस्तकात त्याला अवरक्त किरण म्हणतात. स्वस्त कॅमेऱ्यात ते दिवे भिंगाच्या अगदी भोवती बसवलेले असतात. त्यामुळे भिंगाच्या तोंडाशी आलेला धुळीचा कण, सुताचा तंतू, चिलट, कोळ्याचा धागा, जे काही असेल ते झगझगीत उजळतं. आणि इतक्या जवळचं भिंगाला नीट दिसत नाही, म्हणून कण फुगून गोळा होतो. दिवे लांब असले की तोंडाशी आलेला कण अंधारातच राहतो. "आणि या खोलीत धूळ कशाची आहे, ते भावजींना माहीत आहे."

तिने मुकादमांकडे पाहिलं. "भावजी, सांगून पटणार नाही. तुम्ही आत जा. टेबलावरचं कापड उचला आणि कॅमेऱ्यासमोर झटका. तुम्हीच करायला हवं."

मुकादम उठले नाहीत. ते कापड बायकोने कापायला घेतलं होतं. त्यावरचा खडूचा माग तसाच होता. त्यांनी आजवर त्याला हात लावला नव्हता, आणि अंगणातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. काजेवाली त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडेही बघत नव्हती. स्वतःच्या दाराकडे बघत होती.

मुकादम आत गेले. बाहेरच्यांना पडद्यावर ते दिसले. टेबलापाशी थांबले. मग दोन्ही हातांनी कापड उचललं आणि झटकलं.

पडदा पांढरा झाला. शेकडो गोळे, लहान, मोठे, एकमेकांवर आदळणारे, वर जाणारे, खाली येणारे. खोलीत जत्रा भरावी तसे. दुसऱ्या चित्रात एक म्हातारा होत चाललेला माणूस हातात कापड धरून उभा होता, बाकी काही नाही.

"एवढी माणसं मेली का हो या खोलीत?" औषधवाल्याने विचारलं. त्याचा आवाज खरोखर काळजीचा होता. आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

कारकूनबाई शेजारणीच्या कानाला लागल्या, "म्हणजे आमच्याकडची शेपटी म्हणजे…"

"जाळी. झाडू मारा जिन्याखाली."

मुकादम बाहेर आले. डोक्यात, भुवयांवर, खांद्यावर सूत बसलं होतं. मेहुणीने त्यांना चित्रण मागे नेऊन दाखवलं. त्यांनी ते एकदाच पाहिलं.

"तिच्या कापडाचं आहे," ते म्हणाले. "ती नाही."

दिव्यचक्षू कॅमेरा खोलून पिशवीत भरत होता. बाईंच्या नकारात्मक लहरींनी यंत्र दूषित झालं, ते शुद्ध करून आणतो, असं म्हणाला. शुद्ध होऊन तो कॅमेरा परत आला नाही. तो निघताना मेहुणीने त्याला एवढंच विचारलं, "पंखा उजवीकडे ठेवायचं तुम्हाला कुणी सुचवलं, आत्म्याने की अध्यक्षांनी?" अध्यक्ष तोवर खुर्ची सोडून निघून गेले होते.

मुकादम पुन्हा बाजारात गेले. दुकानदाराने पुन्हा कागद-पेन्सिल ओढली. या वेळी मुकादमांनी आधीच उत्तरं तयार ठेवली होती. दार या बाजूला, खिडकी मागे, आत अंधार असतो, चित्रण महिनाभर राहू दे, पासवर्ड मेहुणीला कळवून ठेवीन. "आणि आधी खिडकीला नवीन कडी," दुकानदार म्हणाला. "कडी मोडकी असेल तर कॅमेरा नुसता चोरीचं चित्र काढतो."

यात शिकण्यासारखं फार काही अवघड नाही. कॅमेरा एक यंत्र आहे. त्याच्यासमोर जे असतं ते दाखवतो, आणि त्याच्या भिंगात जी खोट असते तीही दाखवतो. तो साक्षीदार नव्हे, न्यायाधीश तर नव्हेच. कुणी सांगितलं की आमचं यंत्र मेलेल्यांना बघतं, तर त्याला विचारावं: दुसरं यंत्र शेजारी लावू का? पंखा इकडचा तिकडे ठेवू का? जो खरा असेल तो म्हणेल, ठेवा. आणि एखाद्या माणसाचं घर उठवायची वेळ आली, तर पडद्याआधी खिडकी बघावी. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायला चमत्कार लागत नाही. आणि तिच्या नावावर दुसऱ्याचा बळी तर मुळीच देऊ नये.

बाजारातून आले त्याच दिवशी मुकादम काजेवालीच्या दारात गेले. ती एका सदऱ्याला बटण लावत होती. नेलेले कपडे फक्त एकाच घराने पुन्हा तिच्याकडे पाठवले होते.

"चुकलं माझं," मुकादम म्हणाले.

"तुम्ही इथे येऊन म्हणालात, बरं वाटलं," तिने सुई न थांबवता म्हटलं. "पण मला चोर इथे येऊन कुणी म्हटलं नव्हतं, मुकादम. अंगणात, सगळ्यांसमोर म्हटलं. ते अंगणातच मागे घ्या. सगळ्यांनी."

मुकादमांनी अध्यक्षांना तसं सांगितलं. सभा बोलवा, पुन्हा खुर्च्या मांडा, मी पहिला बोलतो, मग तुम्ही बोला. अध्यक्ष म्हणाले, बघू, सगळ्यांच्या सोयीने ठरवू. मुकादम दर रविवारी त्यांना आठवण करतात.

पोलिसांनी बुटाच्या ठशाचा फोटो नेला. मशीनचा पत्ता लागलेला नाही. सभा अजून भरलेली नाही.